हजेरीवहीतला नवा रकाना

पेपरात आकडा येतो शिवाजीनगरचा.
आम्ही खणतो लोहगावला,
धानोरीकडे जाणारा पुरुषभर खोल चर,
आणि चरात वारा उतरत नाही.

मी हजेरी लिहितो. अठरा वर्षं.
पूर्ण दिवस, अर्धा दिवस, खाडा.
एवढ्यात माणूस मावतो
असं मला वाटायचं.

गेल्या एप्रिलात
मलकाप्पा, तालुका अफझलपूर, कामाचा दुसराच दिवस,
अडीचच्या सुमारास बडबडायला लागला.
फावडं उलटं धरलेलं. अंगावर घामाचा टिपूस नाही.
मी म्हटलं, कानडी बोलतोय.
शेजारचा बसलिंग म्हणाला,
मास्तर, ह्यात कानडीपण नाही.
मग सगळेच म्हणालो, प्यायलाय.
बसवला कडेला,
डंपरच्या तापल्या पत्र्याला टेकवून, उन्हातच,
आणि मी वहीत लिहिलं : अर्धा दिवस.

ससूनमध्ये डॉक्टरीणबाईंनी विचारलं,
शेवटचं पाणी कधी प्यायला होता?
वही माझ्या काखेतच होती.
वहीत ते नव्हतं.

पाचव्या दिवशी त्याचा भाऊ आला.
दीड दिवसाची मजुरी मोजून घेतली,
अंगठा उठवला.
हिशेब बरोबर होता.

या वर्षी पट्टी धरून मी एक रेघ जास्त ओढली.
रकान्याचं नाव : पाणी.
दर वीस मिनिटांनी शिट्टी, तहान असो नसो.
गिरमे साहेब म्हणाले, मास्तर, शाळा काढलीत का?
म्हटलं, हो.
नव्या माणसाच्या अंगाला ऊन शिकवावं लागतं.
पहिल्या दिवशी दोन तास, मग तीन, मग चार,
बाराखडी कुणी एका दिवसात गिरवत नाही.
साहेब हसले. ताडपत्रीचे पैसे मात्र दिले.

आणि या शहरात दुकानं दुपारची झोपतात,
पाटी लावून, उजळ माथ्यानं.
मीही पत्र्यावर खडूनं लिहिलं :
चर एक ते चार बंद राहील.
उगाच हाका मारू नयेत.
त्याबदल्यात पहाटे सहाला कुदळ पडते,
विमानांच्याही आधी आमचा आवाज.

तरी रकाना खोटं बोलत होता.
आठवड्यानं पाहिलं,
सोजरबाई तांब्या ओठाला लावते
आणि मागं मातीत ओतते.
विचारलं, तर पदर तोंडावर.
शेवंता फटकन बोलली,
प्यायलं तर जायचं कुठं, मास्तर?
इकडं सोसायटीची भिंत, तिकडं रस्ता.

अठरा वर्षं.
मला कुणी सांगितलं नव्हतं,
असं लिहिणार होतो.
मी विचारलं नव्हतं.

निळी संडासपेटी यायला अकरा दिवस लागले,
सतरा फोन, एक भांडण.
त्या दुपारी सोजरबाई दोन तांबे प्यायली, घटाघटा,
हनुवटीवरून ओघळलं तेही पुसलं नाही.
रकान्यातली ती पहिली खरी खूण.

आता जोड्या लावल्यात.
शिट्टी झाली की एकमेकांना विचारायचं,
गाव कुठलं?
चरातून उत्तरं वर येतात,
किनवट, उदगीर, झरी, आळंद,
पुन्हा किनवट, पुन्हा उदगीर.
जाणारे-येणारे थांबून बघतात, ह्यांना झालंय काय.
उत्तराला उशीर झाला, गाव चुकलं, जीभ अडखळली,
की फावडं खाली, माणूस सावलीत,
अंगावर पाणी, काखेत बर्फ, वारा घालायचा
आणि गाडीला फोन. हजेरीचं नंतर बघू.

काल पावणेबाराला
मी बेरीज करत होतो, उभ्यानंच,
तिसऱ्यांदा तीच ओळ.
माझी जोडी लावायची राहिलीच होती.
खालून शेवंता ओरडली,
मास्तर, गाव कुठलं तुमचं?

मला आठवत होतं.
नक्की आठवत होतं,
फक्त जरा वेळ लागला.

तेवढ्यात ती वर चढून आली,
हातातलं पेन काढून घेतलं
आणि ओला पंचा डोक्यावर टाकून म्हणाली,
बसा.